जानेवारीचे बूट

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून चौथा प्रेशर कुकर बाहेर आला, तेव्हा हॉलिसने आपली खुर्ची थेट त्या खोलीच्या दारात ओढली आणि बसकण मारली.

"विल्मा, माझा चहा इकडेच आण गं. आज मी जागचा हलत नाही."

"चौथा नाही, तिसरा," आतून त्याच्या बहिणीचा, सिबिलचा आवाज आला. "एकाला झाकणच नाहीये. तो धरायचा नाही."

"बिनझाकणाचा कुकर विकत घेतलास तू?"

"सत्तर टक्के सूट होती!"

"मग सूट झाकणावर दिली म्हण की."

खोक्यांच्या ढिगाऱ्याआडून सिबिलचा रुमाल बांधलेला माथा तेवढा दिसत होता, आणि तो रागारागाने हलत होता. दान दिलेलं सामान नेणारा चर्चच्या हॉलचा पिकअप सकाळपासून दोन खेपा करून गेला होता. चादरी गेल्या, फुलदाण्या गेल्या, बॅटरीवर नाचणारे सहा सांताक्लॉज गेले. तरी खोलीची मागची भिंत अजून दिसायची होती.

हॉलिसला त्र्याहत्तर वर्षं झाली होती. खनिज तेलाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून लोकांची चेष्टा करणं हाच त्याचा पूर्णवेळ धंदा होता. अख्ख्या मराबेला गावात नवी टोपी घालून त्याच्या फाटकासमोरून जायची कुणाची छाती नव्हती. पण आज तो बडबड करत होता ती भीतीपोटी, हे विल्माला कळत होतं आणि त्यालाही. ही बहीण त्याने एकदा विमानात बसवून दिली होती. दोन वर्षांसाठी म्हणून ब्रुकलिनला गेली आणि म्हाताऱ्या गोऱ्या बायकांची उठबस करत चौतीस वर्षं तिथेच राहिली. ऑगस्टमध्ये ती कायमची परत आली, आणि आल्या दिवसापासून बाहेरच्या सोफ्यावर झोपत होती. तिच्यासाठी ठेवलेली खोली तिनेच वर्षानुवर्षं पिंपं भरभरून पाठवलेल्या सामानाने गच्च भरली होती. बरं, आल्यावर तरी थांबावं? सॅन फर्नांडोच्या हाय स्ट्रीटवर कुठे सेलची लाल चिठ्ठी लागली की बाई तिथे हजर. गेल्या चार महिन्यांत खोली रिकामी व्हायच्या ऐवजी दारापर्यंत आली होती.

शेवटी महिन्यापूर्वी जिलियनने नियम घातला. आवाज न चढवता, शाळेतल्या पोरांना सांगते तसा. "चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली पाहिजे, आणि सेलमधली एकही नवी वस्तू फाटकाच्या आत यायची नाही. नाहीतर टँटी सिबिल, नवीन वर्षात तुम्ही पॉइंट फोर्टिनला इर्माकडे राहायला जा. मला माणसांच्या घरात राहायचंय, गोदामात नाही."

इर्मा म्हणजे लांबची चुलत बहीण, आणि तिच्याकडे अकरा मांजरं.

सिबिलला मांजरांचं काही वाटलं नव्हतं. तिला लागलं ते जिलियनने सांगितलं हे. कारण जिलियन तिचीच मुलगी. सहा वर्षांची होती तेव्हा सिबिलने तिचा हात भावजयीच्या हातात दिला होता. विल्माला ती ममी म्हणायला लागली, हॉलिसला पापा, आणि जिने जन्म दिला ती फोनवरची, पिंपवाली बाई टँटी सिबिल, म्हणजे सिबिलआत्या, झाली. तसं कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी दुरुस्तही केलं नाही. आता चाळिशीच्या या मुलीच्या छपराखाली राहायला मिळावं, एवढ्यासाठी सिबिल आली होती. बाकी तिला काही नको होतं, म्हणजे सेल सोडून.

"पापा, त्यांना बोलण्यात गुंतवू नकोस," वह्यांचा गठ्ठा घेऊन जाता जाता जिलियन म्हणाली. "संध्याकाळ व्हायला वेळ नाही लागत."

"मी पंच आहे," हॉलिस म्हणाला. "पंचाने खेळ जवळून बघायचा असतो."

*

विल्माचा गुडघा आज ठणकत होता, पण तिने तो कुणाला दाखवला नव्हता. हॅम ओव्हनमध्ये गेलं होतं, केळीच्या पानात बांधलेली पास्तेल उकडत होती, सॉरेलचं लालभडक सरबत बाटल्यांत भरून झालं होतं. खिडक्या मात्र उघड्याबोडक्या होत्या. मराबेलात जुने पडदे आठवडाआधी उतरतात आणि नवे चढतात ते चोवीस तारखेच्या संध्याकाळी, त्याआधी नाही. ज्यांनी आधी चढवले त्यांच्याबद्दल गल्लीत वर्षभर बोललं जातं. विल्माचे हिरवे पडदे इस्त्री करून खुर्चीवर तयार होते.

सिबिल स्वयंपाकघरात आली तेव्हा पिकअप शेवटची खेप घेऊन गेला होता आणि तिच्या हातात पुठ्ठ्याचं एक लहानसं खोकं होतं. तिने ते टेबलावर, पास्तेलांच्या शेजारी ठेवलं आणि झाकण काढलं.

"हे काय आहे?"

"बूट," विल्मा म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. तळ बघ त्यांचा."

विल्माने बघितलं नाही. पांढरे, चकचकीत, बाजूला बक्कल असलेले बूट होते. खोक्याच्या आत तीस वर्षांपूर्वीची लाल चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

"एक ओरखडा नाही," सिबिल म्हणाली. "असे अकरा जोड आहेत मागे, भिंतीला लावून. सात वर्षांच्या पोरीपासून सतरा वर्षांच्या पोरीपर्यंतचे. विल्मा, माझ्याकडे या प्रत्येक जोडाचा फोटो आहे. तिच्या पायात! तू पत्रात लिहायचीस..."

"'अगदी बरोबर बसले,'" विल्माने वाक्य पुरं केलं.

तिने गॅस बारीक केला, खुर्ची ओढली आणि गुडघा धरून बसली. हे बोलणं कधीतरी होणार हे तिला माहीत होतं. आजच व्हायला पाहिजे होतं असं काही नव्हतं.

"तू बूट कधी घ्यायचीस?"

"जानेवारीत. नाताळ झाला की तिकडे सगळं निम्म्या किमतीत मिळतं. तेच नोव्हेंबरात घ्यायचे म्हणजे पैसे झाडाला लागतात का?"

"आणि माप?"

"माप तूच पाठवायचीस. कागदावर तिचा पाय ठेवून, पेन्सिलीने आखून."

"नाताळच्या दुसऱ्या दिवशी आखायचे मी. तू त्या मापाचे बूट जानेवारीत घेऊन ठेवायचीस. मग वर्षभर सेल बघत बघत पिंप भरायचीस. ते नोव्हेंबरात बोटीवर चढायचं आणि इथे नाताळला पोचायचं." विल्माने बोटाने टेबलावर एक लांब रेघ ओढली. "मधे वर्ष गेलं, सिबिल. पोरगी काय जानेवारीतच थांबून राहणार होती?"

सिबिलने बुटांचं खोकं उचलून पोटाशी धरलं.

"मी अर्धा नंबर वाढवून घ्यायचे," ती हळूच म्हणाली.

"अर्धा नंबर! पपईच्या झाडासारखी वाढत होती ती."

"मग ते फोटो?"

"तुझा भाऊ समोरून काढायचा. बोटं आत कोंबायची आणि टाच मागच्या कडेवर ठेवून उभं राहायचं. समोरून कळत नाही. फोटो झाला की ते काढायचे, आणि मी हाय स्ट्रीटवरून आणलेले घालून चर्चला."

"आणि मला कळवायचं नाही?"

"तू तिथे दोन-दोन पाळ्या करत होतीस. पत्रात काय लिहू, तुझे बूट पोरीला चावतात?" विल्माने गुडघा चोळला. मग म्हणाली, "पण ते एक झालं. खरं सांगू? मला बरं वाटायचं. दर नाताळला तुझं पिंप उघडलं की पोर वेडी व्हायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मग बूट घालून बघायची, ते बसायचे नाहीत, आणि ती माझ्याकडे यायची. म्हणून नाही लिहिलं मी."

चौतीस वर्षांत या दोघी एकमेकींशी इतकं सरळ बोलल्या नव्हत्या. ऑगस्टमध्ये सिबिल टॅक्सीतून उतरली तेव्हा विल्मा मनातून धास्तावली होती. पॉइंट फोर्टिनची कल्पना जिलियनने काढली त्या रात्री तिला शांत झोप लागली, हेही खरं होतं. आणि आता ही समोरची बाई त्या एवढ्याशा बुटांचं खोकं पोटाशी धरून उभी होती आणि भांडतसुद्धा नव्हती. विल्माला स्वतःची शरम वाटली.

"दुसऱ्या कुणाच्या पोरीला तरी द्यायचे," सिबिल म्हणाली.

"मी देत होते. जिलियनने देऊ दिले नाहीत. भिंतीशी लावून ठेवलेत ते तिनेच. का, ते मला विचारू नकोस."

सिबिल बुटाच्या बक्कलवरून अंगठा फिरवत राहिली. "एकदा," ती म्हणाली. "एकदाच नोव्हेंबरात पूर्ण किंमत मोजली असती..."

विल्मा उठली. पडद्यांच्या खुर्चीपाशी गेली, हुकांचं पाकीट उचललं आणि सिबिलची पाठ वळताच एप्रनच्या खिशात टाकलं.

"बाई गं," ती म्हणाली, "पडद्यांना हूक कमी पडतायत. जिलियनला घेऊन हाय स्ट्रीटला जाऊन ये."

"हूक कमी? तुझ्याकडे?"

"माणूस आहे, चुकते."

"आज चोवीस तारीख आहे, विल्मा. आज हाय स्ट्रीटला मला पाठवतेस? मला पॉइंट फोर्टिनला धाडायचंय का तुला?"

"होतं," विल्मा म्हणाली. "आता नाही. जा, आणि चपला बदल."

*

हॉलिस गाडीत मागच्या सीटवर येऊन बसला. पंचाशिवाय सामना होत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

हाय स्ट्रीट त्या दिवशी माणसांनी फुगला होता. प्रत्येक दुकानाच्या दारात एक-एक पोऱ्या माईक घेऊन उभा होता आणि दोन माईकांच्या मधल्या जागेत नाताळची गाणी वाजत होती. सिबिलने फाटकातून निघतानाच दोन्ही हात स्कर्टच्या खिशात घातले होते, ते तिने बाहेर काढले नाहीत.

"आत या, आत या! पिवळ्या रुमालाच्या मॅडम, तुमच्यासाठीच ठेवलंय!"

"ओळखतो की हा तुला," हॉलिस म्हणाला. "पत्ता विचारू का त्याला, की तोही माहितीये?"

जिलियन दोन पावलं मागून चालत होती, आणि परीक्षेत पर्यवेक्षक चालतात तशी तिची चाल सिबिलला मानेमागे जाणवत होती.

एका दुकानाने रस्त्यावरच टेबल मांडलं होतं. टॉवेल होते, जाड, निळ्या काठाचे. एकाच्या भावात तीन. दुकान कायमचं बंद होतंय, असं फळ्यावर लिहिलं होतं. सिबिलचे पाय थांबले.

हे लोकांना समजत नाही. लोकांना वाटतं, ही हावरट आहे. ब्रुकलिनमध्ये रात्रपाळी संपवून ती बाहेर पडायची तेव्हा पाठ मोडलेली असायची, आणि कुणाच्यातरी मुलाने 'माझ्या आईला नीट बघत नाही' म्हणून तिला सुनावलेलं असायचं. घरी जायच्या वाटेवर सेलचं दुकान लागायचं. तिथे तेवढी ती जिंकायची. चाळीसची वस्तू बारामध्ये! आणि वस्तू हातात आली की लगेच तिला कुणाचंतरी नाव लागायचं. हे जिलियनला, हे विल्माला. वस्तू पिंपात पडली की ती स्वतःच थोडी घरी पोचल्यासारखं वाटायचं. सवय लागायला तेवढं पुरलं.

उजवा हात खिशातून कधी निघाला ते तिला कळलं नाही. टॉवेल खरंच जाड होता.

"घरात टॉवेल किती आहेत?" तिने मागे न बघता विचारलं.

"सदतीस," हॉलिस म्हणाला. "पिकअपमध्ये गेले ते सोडून."

सिबिलने टॉवेल खाली ठेवला. दोन्ही बाजूंनी नीट घडी करून ठेवला, आणि हात परत खिशात घातला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

हुकांच्या दुकानात गल्ल्यावरची मुलगी हसून म्हणाली, "आंटी, दोन पाकिटं घेतलीत तर तिसरं फुकट."

"एकच दे, बाळा."

"अहो, फुकट आहे!"

"फुकटाने मला सोफ्यावर झोपवलंय. एकच दे."

बाहेर आल्या तर हॉलिस गायब. दोघींनी शोधलं, हाका मारल्या. पाच मिनिटांनी तो एका इलेक्ट्रॉनिक दुकानातून पोटावर हात धरून बाहेर पडला. शर्टाखाली काहीतरी चौकोनी होतं.

"पापा," जिलियन म्हणाली, "काय आहे ते?"

"काही नाही. जेवण जास्त झालं."

"लाल चिठ्ठी लोंबतेय खाली."

पंखा होता. त्यालाच टॉर्च, त्यालाच रेडिओ, आणि मागच्या बाजूला मच्छर पळवायचा दिवा. सिबिल पहिल्यांदा हसली, आणि इतकी हसली की दुकानाच्या पायरीवर टेकली. "पंच!" ती म्हणत होती. "हा पंच!"

"चारही वस्तू वेगवेगळ्या घेतल्या असत्या तर किती पडलं असतं, काही कल्पना आहे?" हॉलिस म्हणाला.

"फाटकाच्या आत येणार नाही," जिलियन म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं.

शेवटी पंखा कोपऱ्यावरच्या नारळवाल्याला दिला. त्याने बदल्यात तीन शहाळी फोडून दिली, आणि म्हणून एकंदरीत फायदाच झाला, असं हॉलिस पुढे आठवडाभर सांगत होता.

*

गाडीकडे परतताना टँटी चपलांच्या दुकानासमोर थांबली, आणि जिलियनच्या मनात आलं, झालं, संपलं.

दुकानाच्या दारात मोठमोठ्या टोपल्या होत्या. त्यात दोरीने बांधलेले बुटांचे जोड, वर लाल पाटी. टोपल्यांभोवती बायकांची झोंबाझोंबी चालली होती. जिलियनला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचं नवल वाटलं. नियम घालताना तिला वाटलं होतं, आपल्याला टँटी गेल्या तरी चालतील. पण टँटीने टॉवेलची घडी करून तो खाली ठेवला तेव्हा ती मनातल्या मनात देवाला म्हणाली होती, जमू दे त्यांना.

"टँटी, हूक मिळालेत. चला."

टँटी टोपल्यांना वळसा घालून आत गेली. जिलियन मागोमाग.

"टँटी, नियम ठरलाय आपला."

"नियम लाल चिठ्ठीचा ठरलाय. बस इथे."

"कुणासाठी घेताय तुम्ही?"

"बस म्हटलं ना."

आवाजात असं काही होतं की जिलियन बसली. कितीतरी वर्षांत तिला कुणी असं बसवलं नव्हतं. विक्रेता आला, सडपातळ, दमलेला, सकाळपासून पाच-पन्नास गिऱ्हाइकं झेललेला माणूस.

"कुठला नंबर, मॅडम?"

"नऊ," जिलियन म्हणाली.

"तिचं ऐकू नका," टँटी म्हणाली. "माप घ्यायची पट्टी आणा. मला आत्ताचं माप पाहिजे."

तिने पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि जमिनीवर गुडघे टेकले. अडुसष्ट वर्षांचे गुडघे कडकडले. जिलियनची चप्पल काढली, तिची टाच तळहातात घेतली आणि पट्टीवर ठेवली. तेव्हा जिलियनला समजलं. खोलीची मागची भिंत आज मोकळी झाली होती, आणि तिथली बुटांची रांग टँटीला दिसली होती.

"ममीने सांगितलं?"

"सगळं." टँटी मान वर करत नव्हती. "पत्रात लिहायचीस, 'थँक्यू टँटी, बूट फार सुंदर आहेत.'"

"सुंदर होतेच ते."

"मग ठेवून का दिलेस? वाटून टाकायचे."

जिलियनला वाटलं, काहीतरी हलकंफुलकं बोलून टाकावं. पण तिची टाच त्या हातात होती आणि खोटं बोलायला जमेना.

"तुम्ही परत याल तेव्हा दाखवणार होते. ओळीने लावून. म्हणजे तुम्हाला दिसलं असतं, मी किती वाढले ते."

टँटीने पाय सोडला नाही. बराच वेळ ती पट्टीवरचा आकडा वाचत राहिली. वाचण्यासारखं तिथे फारसं काही नव्हतं.

"साडेनऊ," ती शेवटी म्हणाली. "साडेनऊ झालाय तुझा पाय. तुला स्वतःलाच माहीत नाही."

विक्रेत्याने निळे बूट आणले, मऊ कातड्याचे, बेताच्या टाचेचे. चिठ्ठी पांढरी होती. टँटीने स्वतः ते पायात चढवले, पुढून अंगठ्याने दाबून बघितलं.

"बोटांना जागा आहे?"

"आहे."

"टाच?"

"आत आहे."

"उभी राहा. चाल. परत ये."

जिलियन दुकानात फेरी मारून आली. बायका बघत होत्या. तिला काही वाटलं नाही.

"मॅडम," विक्रेता म्हणाला, "आज दुसरा जोड घेतलात तर तो निम्म्या किमतीत."

"नको."

"बरं, नाताळ आहे, याच्यावरच दहा टक्के कमी करतो."

"एक सेंट कमी करू नका," टँटी जोरात म्हणाली. "लिहिलीय तेवढी किंमत घ्या. पूर्ण घ्या."

माणसाने जिलियनकडे पाहिलं. यांना बरं आहे ना, असा त्याचा चेहरा होता. जिलियन मान हलवत होती, हसत होती, आणि डोळे पुसायला तिला रुमाल सापडत नव्हता.

*

उन्हं उतरायच्या आत घरी पोचले. विल्मा स्टुलावर चढायला निघाली होती, तिला जिलियनने खाली उतरवलं आणि पडदे स्वतः चढवायला घेतले. नवं पाकीट फोडायला विल्मा वाकली तेव्हा एप्रनच्या खिशातून जुनं पाकीट फरशीवर पडलं, टप्प करून. सगळ्यांनी ते बघितलं.

"पडदे चार आणि हूक दोन घरांचे," हॉलिस म्हणाला. "ही बया मला पन्नास वर्षं फसवत आलीये, मला आज कळतंय."

"तू पंखा घेतलास म्हणे," विल्मा म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

मग पंचाने खोलीची पाहणी केली. झाडून घेतलेली जमीन, उघडी खिडकी, एक पलंग. आणि मागच्या भिंतीशी ओळीने अकरा जोड, लहानापासून मोठ्यापर्यंत. सिबिलने सगळं काढलं होतं, त्यांना तेवढा हात लावला नव्हता.

"खोली पूर्ण रिकामी नाही," हॉलिस घसा खाकरून म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

"ते माझे आहेत," जिलियन म्हणाली. "ते तिथेच राहतील."

"आणि आज फाटकातून एक नवी वस्तू आत आली, तिचं काय?"

"पूर्ण किंमत दिलीय," सिबिल म्हणाली. "पावती दाखवू?"

हॉलिसने तिच्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं, ते त्याने गिळलं. त्याने नुसती मान डोलावली.

"टँटी," जिलियन म्हणाली, "तुझी उशी सोफ्यावरून आत आणलीये. चादर विल्माममीने काढून ठेवलीये, ती घाल. चर्चला जाताना उठवते तुला."

सिबिलने पलंगाच्या कडेला हात टेकला.

"चला," हॉलिस खिशातून फोन काढत म्हणाला, "नाताळचा फोटो राहिलाय. जिलियन, दारात उभी राहा, नेहमीच्या जागी. बुटांसकट."

जिलियन दारात जाऊन उभी राहिली, नव्या पडद्यापाशी, लहानपणी उभी राहायची तशीच. हॉलिसने फोन डोळ्यांसमोर धरला.

"थांब, हॉलिस," सिबिल म्हणाली. "या वेळी पाठीमागून काढ."

कुणी हसलं नाही. जिलियन वळली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. विल्माने पडदा थोडा बाजूला धरला, म्हणजे पायांवर उजेड पडेल. हॉलिस जमिनीवर उकिडवा बसला, त्याच्या वयाला न शोभेल असा, आणि जिलियनच्या दोन्ही टाचा नीट आत दिसेपर्यंत त्याने फोटो काढला नाही.